हेलियम : उत्पत्ती आणि शोध

हेलियम म्हणजे विश्वात हायड्रोजनच्या खालोखाल सगळ्यात जास्त असलेलं मूलद्रव्य, अणुक्रमांक 2. फुग्यातला वायू म्हणून तो सगळ्यांना माहीत आहेच, त्यामुळे इथे तो बनला कधी आणि सापडला कसा एवढंच बघू. दुसऱ्या प्रश्नात आपल्या विजयदुर्गाचं नाव येतं आणि तिथे तारखांचा बराच घोळ झालाय.

विश्वाची सुरुवात, म्हणजे बिग बँग, साधारण 1380 कोटी वर्षांपूर्वी झाली असं धरतात. पहिल्या काही मिनिटांत तापमान 100 कोटी केल्विनच्या आसपास उतरलं तेव्हा कुठे ड्यूटेरियम (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन, हेलियम बनण्याची पहिली पायरी) टिकायला लागला, त्याआधी तो बनला की लगेच फुटायचा. तोवर दर 7 प्रोटॉनमागे जेमतेम 1 न्यूट्रॉन उरला होता. आता हिशोब करा : 14 प्रोटॉन आणि 2 न्यूट्रॉन घेतले तर हेलियमचं एक केंद्रक बनतं, 12 प्रोटॉन हायड्रोजन म्हणून उरतात, म्हणजे वजनात 16 पैकी 4, पाव हिस्सा. जुनाट वायू असलेल्या छोट्या दीर्घिकांमध्ये मोजलं तरी 24-25 टक्केच येतात, हे फार सुंदर आहे. 5 आणि 8 वस्तुमानांकाचं (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून तेवढे कण असलेलं) स्थिर केंद्रकच नाही, म्हणून थोडं लिथियम सोडलं तर गाडी तिथेच अडली.

गॅमाव आणि अल्फर या भौतिकशास्त्रज्ञांना 1948 मध्ये वाटत होतं की सगळीच मूलद्रव्यं या आगीत बनली. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ताऱ्यांच्या पोटात शिजतं हे खगोलशास्त्रज्ञ हॉईल आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये मांडलं, पण ताऱ्यांत बनू शकेल त्या मानाने हेलियम फारच जास्त आहे हेही 1964 मध्ये हॉईल आणि टेलर यांनीच दाखवलं. हॉईल बिग बँगच्या विरोधातले, तरीसुद्धा. पुढे 1993 मध्ये हॉईल, बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी वेगळं प्रतिमान मांडून हलक्या मूलद्रव्यांचा उगम दुसरीकडे शोधला. पुराव्याचं वजन आज बिग बँगकडे जास्त आहे, कारण ड्यूटेरियमचा आकडाही तिथे जुळतो. लिथियमचा नाही जुळत, अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच सापडतं.

साधारण 457 कोटी वर्षांपूर्वी ज्या ढगातून सूर्य आणि ग्रह बनले त्यात हा हेलियम आधीच होता. गुरू-शनीने तो धरून ठेवला, पृथ्वीला इतका हलका वायू धरता आला नाही. आपल्याकडे जो मिळतो तो युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून जमिनीखाली साठलेला.

आता शोध. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. ते बघायला आलेल्या निरीक्षकांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, पॉगसन मछलीपट्टणला, धाकटे हर्शेल जमखंडीला. सौरज्वालांच्या (सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या वायूंच्या) वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत विभागला की दिसणाऱ्या पट्ट्यात, पिवळी रेषा अनेकांनी पाहिली, पण ती सोडियमच्या डी नावाच्या पिवळ्या रेषांचीच असं बहुतेकांना वाटलं. पॉगसन यांनी तेवढं 'डीवर किंवा डीजवळ' अशा अर्थाचं नोंदवलं. जान्सेन यांचं खरं मोठं काम म्हणजे दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी ज्वाला पाहून दाखवल्या. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी तेच 20 ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे केलं, दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली, पुढे दोघांच्या मुद्रेचं एकच पदकही निघालं. पिवळी रेषा सोडियमची नाही हे लॉकियर यांच्या मोजमापातून पक्कं झालं आणि सूर्यावरून (ग्रीकमध्ये हेलिओस) हेलियम हे नाव पडलं. म्हणून शोधाचं श्रेय एकट्या गुंटूरच्या ग्रहणाला देणं बरोबर वाटत नाही.

विजयदुर्ग किल्ल्यावरचे चौथरे लॉकियर साहेबांचे म्हणून दाखवतात आणि 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण त्या दिवशी 1868 मध्ये लॉकियर भारतात नव्हतेच. ते विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, मेल्पोमीन जहाजावरच्या नौसैनिकांना हाताशी घेऊन त्यांनी तिथे तळ टाकला होता. म्हणजे आठवण खरी, साल दुसरं. त्याच ग्रहणात पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, त्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, घ्यायला हवं.

आणि तोपर्यंत हेलियम फक्त सूर्यातला राहिलेलाही नव्हता. रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी 1895 मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजाला आम्लात टाकून तो वायू बाहेर काढला, वर्णपटात तीच पिवळी रेषा आली. डच भौतिकशास्त्रज्ञ ऑन्नेस यांनी 1908 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला त्याचं द्रवरूप केलं.