घरगुती नॅस : माहितीपत्रकातल्या ओळींमागच्या घटना

घरासाठी नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना नेटवर्कवरून फाइल पुरवणारा डिस्कचा डबा, घ्यायचा ठरला की डिस्कचे कप्पे किती, प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे प्रश्न आधी येतात. माहितीपत्रकही त्याच क्रमाने छापलेलं असतं. पण लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रं ज्या गाजलेल्या प्रकरणांमध्ये गेली, त्यांत प्रोसेसर कमी पडला म्हणून काही बिघडलं नव्हतं. डिस्क मेली, किंवा डबा मेला आणि आतल्या डिस्क दुसरीकडे वाचता आल्या नाहीत, किंवा कंपनीने अपडेट थांबवले, किंवा इंटरनेटवरून कोणीतरी आत शिरलं. नॅस निवडताना विचारायचे खरे प्रश्न या चार कारणांतून आले आहेत, म्हणून ही पार्श्वभूमीही त्याच वाटेने जाते.

मूळ कल्पना ऑफिसांची. १९८३मध्ये आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी हा प्रोटोकॉल तयार केला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो उचलला आणि विंडोजचं फाइल शेअरिंग त्यावर उभं राहिलं. १९८४मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्ससाठी एनएफएस आणला. दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडावी, हे दोन्हींचं काम. १९८७मध्ये स्थापन झालेल्या ऑस्पेक्सने केवळ फाइल पुरवणारं स्वतंत्र यंत्र बनवलं. तिथले दोन अभियंते, डेव्हिड हिट्झ आणि जेम्स लाऊ, यांनी मायकेल माल्कम यांच्यासह १९९२मध्ये नेटअ‍ॅप सुरू केली. ही यंत्रं बँका आणि कारखान्यांच्या आवाक्यातली होती, घरांच्या नव्हे.

घरापर्यंतचा रस्ता उघडला तो एका विद्यार्थ्यामुळे. अँड्र्यू ट्रिजेल कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते. डॉसच्या पीसीवरून युनिक्स यंत्राची डिस्क वापरता यावी म्हणून १९९१च्या अखेरीस त्यांनी नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स वाचून प्रोटोकॉल उलगडला आणि स्वतःचा सर्व्हर लिहिला. तोच पुढे सांबा झाला. लिनक्स फुकट, सांबा फुकट. मग विंडोज सर्व्हरचं लायसन्स न घेता विंडोजच्या सगळ्या पीसींना फाइल पुरवणारा छोटा डबा बनवणं शक्य झालं. आजही बाजारातल्या बहुतेक घरगुती नॅसच्या पोटात हीच जोडी असते. बाहेरचं रंगीत कंट्रोल पॅनल तेवढं कंपनीचं.

या वारशाचा एक त्रासदायक भाग जुना डबा घेताना आडवा येतो. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धातल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही पहिली आवृत्ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ठेवणं बंद केलं. त्यामुळे फक्त एसएमबी १ बोलणारा जुना नॅस नेटवर्कवर चालू असूनही विंडोजला उघडता येत नाही. अशा वेळी विंडोजमध्ये एसएमबी १ परत चालू करा, असा सल्ला अजूनही फिरतो. तो पाळू नये. वापरलेला नॅस घेताना निदान एसएमबी २, शक्यतो एसएमबी ३ आहे याची खात्री करावी. नसेल तर फुकट मिळाला तरी नको.

अनेक डिस्क एकत्र वापरणारी रेड म्हणजेच बॅकअप, हा गैरसमज आणखी जुना आहे. १९८८मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा शोधनिबंध मांडला. मोठ्या महागड्या डिस्कऐवजी पीसीमधल्या छोट्या स्वस्त डिस्कचा जथा लावावा, ही त्यातली सूचना. पण त्यांनी लगेच हिशोबही दाखवला: एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर १०० डिस्कच्या जथ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवडेही व्हायच्या आत, एक डिस्क मरणार. मग जादा डिस्कवर पॅरिटी (गेलेला भाग हिशोबाने परत काढता येईल अशी माहिती) किंवा प्रत ठेवा, म्हणजे एक गेली तरी काम चालू राहील. ‘काम चालू राहील’ एवढंच वचन त्या निबंधात आहे. चुकून डिलीट केलेली फाइल रेड १, म्हणजे दोन डिस्कवर तीच प्रत ठेवणारा आरसा, दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसतो, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइलही दोन्हीकडे तितक्याच निष्ठेने लिहितो. म्हणून दोन कप्प्यांच्या नॅसमधला आरसा हा बॅकअप धरायचा नाही. बॅकअपची डिस्क वेगळी, आणि एक प्रत घराबाहेर.

२००४मध्ये लिंकसिसचा एनएसएलयू२ आला. आत एकही डिस्क नाही, फक्त दोन यूएसबी पोर्ट, ३२ एमबी रॅम आणि २६६ मेगाहर्ट्झचा इंटेल एक्सस्केल प्रोसेसर, तोही सुरुवातीच्या यंत्रांमध्ये १३३वरच चालवलेला. वेग बेताचा. पण आत लिनक्स असल्याने सोर्स कोड उपलब्ध होता, आणि हौशी लोकांनी त्याचं फर्मवेअर बदलून त्यावर वाटेल ते चालवलं. नॅस म्हणजे नुसती डिस्क नव्हे, तो चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर आहे, ही आजची धारणा बरीचशी तिथून आली. २००५मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीनॅस सुरू केला, त्याचाच वंश आज ट्रूनॅस म्हणून चालू आहे. तिथल्याच एका विकसकाने पुढे लिनक्सवरचा ओपनमीडियाव्हॉल्ट काढला. जुन्या पीसीचा नॅस करायचा असेल तर आजही हेच दोन ठळक पर्याय आहेत.

मग कंपन्यांना वाटलं की घरच्या माणसाला रेडची पातळी वगैरे विचारूच नये; त्याने डिस्क घालावी आणि जागा वाढावी. २००७मध्ये दोन उत्पादनं याच विचाराने आली, आणि दोघांचा शेवट पाहण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज होम सर्व्हरमध्ये वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क एकत्र करणारी ड्राइव्ह एक्स्टेंडर नावाची सोय होती. एकाहून अधिक डिस्क असताना काही प्रोग्रॅममधून सर्व्हरवरची फाइल थेट बदलली तर ती खराब होऊ शकते, हे त्याच वर्षाअखेरीस समोर आलं. दुरुस्ती मिळाली जुलै २००८मध्ये. २०११च्या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकली गेली. तरी त्यात एक चांगली गोष्ट होती: प्रत्येक डिस्कवर विंडोजची साधी एनटीएफएस मांडणी होती, डिस्क काढून पीसीला जोडली की फाइल दिसत. दुसरं उत्पादन ड्रोबो. वापरायला फारच सोपा, पण डिस्कवरची मांडणी कंपनीची खासगी. ड्रोबोची मालक कंपनी स्टोरसेंट्रिक २०२२मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०२३मध्ये अवसायनात निघाली. ज्यांचा ड्रोबो त्यानंतर जळला, त्यांच्या डिस्क धडधाकट असूनही दुसरा ड्रोबो शोधण्यापलीकडे त्यांच्या हातात फारसं काही उरलं नाही.

डबा जळणं ही काही कल्पनेतली भीती नाही. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० प्रोसेसरमध्ये घड्याळाचा सिग्नल देणारा भाग कालांतराने निकामी होतो, हे २०१७मध्ये उघड झालं. नॅसच्या अनेक मॉडेलांत तोच होता. यंत्र एके दिवशी बंद केलं की परत चालूच होत नसे. आतल्या डिस्क मात्र ठणठणीत.

म्हणून खरेदीआधीचा पहिला प्रश्न हा असावा: डबा मेला तर डिस्क कुठे वाचता येतील? सिनॉलॉजीसारख्या नॅस कंपन्यांच्या डब्यांत लिनक्सचीच रेड असते. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क सामावणारी त्यांची हायब्रिड रेडदेखील लिनक्सच्या एमडी (रेड) आणि एलव्हीएम (जागेची विभागणी) या थरांवरच रचलेली आहे. डिस्क साध्या पीसीला जोडून, पेनड्राइव्हवरून उबंटू चालू करून, एमडीएडीएम या आज्ञेने रेड जुळवायची, एलव्हीएमचे गट चालू करायचे आणि फाइलसिस्टिम केवळ वाचण्यासाठी माउंट करायची. पीसीत तितके साटा पोर्ट मोकळे हवेत, आणि एन्क्रिप्शन वापरलं असेल तर त्याची किल्ली नॅसच्या बाहेर जपलेली हवी. ट्रूनॅसमधल्या झेडएफएस या फाइलसिस्टिमचा पूल, म्हणजे डिस्कचा गट, दुसऱ्या यंत्रावर ‘इम्पोर्ट’ करता येतो. ज्या कंपनीकडे या प्रश्नाचं स्पष्ट लेखी उत्तर नाही, तिचा डबा घेऊ नये.

डिस्कच्या बाबतीत ‘नॅससाठीची’ हा शिक्का मुळात एका तांत्रिक अडचणीमुळे आला. डेस्कटॉपच्या डिस्कला एखादं सेक्टर वाचता आलं नाही तर ती मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ प्रयत्न करत बसते. एकच डिस्क असेल तेव्हा हे योग्यच. पण रेडमध्ये कंट्रोलर काही सेकंदांत आणि लिनक्स कर्नल साधारण ३० सेकंदांत कंटाळतो आणि चांगली डिस्क मेली समजून बाहेर काढतो. नॅससाठीच्या डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानतात आणि तो भाग दुसऱ्या डिस्कवरून भरून काढू देतात. फरक एवढासाच, पण रेड टिकते ती त्यामुळे.

२०२०च्या एप्रिलमध्ये मात्र या शिक्क्यावरचा विश्वासच हलला. वेस्टर्न डिजिटलच्या लाल लेबलच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या निघाल्या, आणि ते माहितीपत्रकात लिहिलेलंच नव्हतं. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधला एक बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी एका वेगळ्या राखीव पट्ट्यात लिहून घेते आणि सवडीने आवरते. रेड पुन्हा बांधताना सवड मिळतच नाही. तासांचं काम दिवसांवर जातं, आणि झेडएफएस तर अशी डिस्क चुका दाखवून बाहेर फेकू शकतो. ओरड झाल्यावर कंपनीने ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या साध्या, म्हणजे सीएमआर, डिस्क ‘प्लस’ या वेगळ्या नावाने काढल्या. तेव्हापासून खरेदीचा नियम असा, की मालिकेच्या नावावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यायचा आणि उत्पादकाच्या यादीत तो सीएमआर आहे का ते बघायचं.

डिस्क मोठ्या होत गेल्या तसा रेड ५चा, म्हणजे एका डिस्कइतकी पॅरिटी ठेवणाऱ्या रचनेचा, जुना हिशोबही बदलला. १६ टीबीची डिस्क सरासरी १८० एमबी प्रति सेकंदाने भरायची तरी चोवीस तासांच्या वर लागतात, तेही नॅस दुसरं काही करत नसेल तर. त्या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क अखंड वाचल्या जातात. घरगुती डिस्कवर न वाचता येणाऱ्या चुकीची हमी बहुधा १०चा १४वा घात इतक्या बिटांमागे एक अशी छापलेली असते, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे एक. यावरून ‘रेड ५ पुन्हा बांधताना हमखास फसतो’ असं सांगितलं जातं, ते अतिशयोक्त आहे. तो आकडा हमीची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. तरीही चार किंवा जास्त मोठ्या डिस्क असतील तर दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रचना घ्यावी, आणि घरी दोन कप्प्यांत भागत असेल तर साधा आरसा उत्तम. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासण्याचं काम, लावून ठेवावा, म्हणजे न वाचता येणारी सेक्टरं आधीच सापडतात. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे मूळ आकडे शून्यावरून हलले आणि वाढत राहिले की डिस्क बदलायच्या तयारीला लागावं.

स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींचं ठरावीक क्षणाचं चित्र जपून ठेवण्याची, देणगी पुन्हा ऑफिसांकडून आली. जुन्या ब्लॉकवर न लिहिता नव्या जागी लिहायचं, म्हणजे जुनं चित्र जवळपास फुकट शिल्लक राहतं, ही नेटअ‍ॅपच्या फाइलसिस्टिमची युक्ती. २००५मध्ये सनच्या झेडएफएसने त्यासोबत प्रत्येक ब्लॉकचा, त्यातला बिघाड ओळखणारा, चेकसम दिला आणि लिनक्समध्ये बीटीआरएफएस त्याच वाटेने गेला. चुकून पुसलेल्या फोल्डरवर यापेक्षा चांगला इलाज नाही. काही स्वस्त मॉडेलांत फक्त ईएक्सटी४ मिळतो, त्यात ही सोय नाही. घरासाठी घेताना हा फरक प्रोसेसरच्या फरकापेक्षा मोठा आहे.

बाहेरून होणारे हल्ले आले ते नॅस कुठूनही उघडता यावा या सोयीच्या मागोमाग. २०१४मध्ये सिनोलॉकर या खंडणीखोर व्हायरसने सिनॉलॉजीच्या जुन्या आवृत्त्या गाठल्या. एप्रिल २०२१मध्ये क्यूलॉकरने क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइल पासवर्ड घातलेल्या ७-झिप अर्काइव्हमध्ये कोंबल्या. वाट मिळाली होती बॅकअपच्याच अ‍ॅपमध्ये कायमच्या लिहून ठेवलेल्या लॉगइनमधून. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट हा तसाच आणखी एक व्हायरस. आणि जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डिस्क जगभरात एकाएकी फॅक्टरी रीसेट होऊन रिकाम्या झाल्या. त्यांना शेवटचं अपडेट २०१५मध्ये मिळालं होतं. तपासात दिसलं की रीसेटआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी कोडमध्ये होत्या, पण कमेंट करून निष्क्रिय केलेल्या.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. राउटरमधला यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद ठेवावा, नॅससाठी एकही पोर्ट उघडू नये, बाहेरून पोचायचं तर व्हीपीएनने. ‘अ‍ॅडमिन’ नावाचं खातं बंद करून वेगळ्या नावाचं करावं आणि रोजच्या वापरासाठी अधिकार नसलेलं दुसरं. खरेदी करताना मॉडेल बाजारात कधी आलं आणि कंपनी किती वर्षं सुरक्षा अपडेट देते हे बघावं. चार वर्षांपूर्वीचं मॉडेल सवलतीत मिळतं, तेव्हा आपण उरलेली वर्षं विकत घेत असतो.

अलीकडचं एक प्रकरण २०२५चं. सिनॉलॉजीने त्या वर्षीच्या प्लस मॉडेलांत कंपनीच्या यादीबाहेरच्या हार्ड डिस्कवर बंधनं घातली. ग्राहकांचा रोष झाला आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या त्यांच्या नॅसच्या सॉफ्टवेअरसोबत ती बरीचशी मागे घेतली गेली. असं बंधन सॉफ्टवेअरमधून येतं आणि सॉफ्टवेअरमधूनच जातं, त्यामुळे डिस्कची यादी आणि तिच्यातली अट हे दोन्ही खरेदीच्या दिवशीच वाचून घ्यावं.

वेगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गिगाबिटवर प्रत्यक्षात ११० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास मिळतात. ४ टीबी भरायला दहा तास. २.५ गिगाबिट पोर्ट असेल तर चांगलंच, पण राउटर किंवा स्विच आणि पीसी हे दोन्ही तितक्या वेगाचे असतील तरच. व्हिडिओ फॉरमॅट बदलून टीव्हीला पाठवायचा असेल तेव्हा मात्र ग्राफिक्स असलेला प्रोसेसर लागतो, आणि काही महागड्या मॉडेलांतही तो नसतो.

डबा घरी आला की खरा डेटा भरण्याआधी काही गीगाबाइट निरुपयोगी फाइल टाकून, चालू नॅसमधून एक डिस्क ओढून काढावी. सूचना येते का, फाइल उघडतात का ते पाहावं, मग डिस्क परत घालून रेड पूर्ण बांधली जाईपर्यंत थांबावं. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडून भिंतीवरचा स्विच बंद करून बघावा, नॅस स्वतःहून नीट बंद व्हायला हवा. शेवटी बॅकअपच्या डिस्कवरून एक फोल्डर वेगळ्या पीसीवर परत आणून त्यातल्या फाइल उघडून पाहाव्यात.