लिंकनचं भाषण आणि आगगाडीतला लिफाफा

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हा किस्सा हमखास ऐकवतात: अब्राहम लिंकनने गेटिसबर्गचं भाषण (अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणाच्या वेळचं) आगगाडीत बसून, लिफाफ्याच्या पाठीवर खरडलं. पुढे वक्ते सांगतात, खऱ्या नेत्याला आयत्या वेळी सुचतं!

किस्सा झकास आहे, पण खरा नाही.

लिंकनला निमंत्रणाचं पत्र 2 नोव्हेंबर 1863 चं, भाषण 19 तारखेला. म्हणजे हातात दोन आठवड्यांहून जास्त वेळ होता. त्याच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आजही आहेत. त्यांतली सर्वांत जुनी मानली जाणारी प्रत बघा. पहिलं पान राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या छापील कागदावर, शाईनं, सुबक अक्षरात. दुसरं पान वेगळ्या कागदावर, पेन्सिलीनं. हलत्या डब्यात असं अक्षर येत नाही (आपल्या लोकलमध्ये सही करून बघा). सुरुवात वॉशिंग्टनलाच झाली होती. आदल्या रात्री गेटिसबर्गच्या मुक्कामातही तो मजकुरावर हात फिरवत होता.

आयत्या वेळी काहीच सुचलं नाही असंही नाही. 'देवाच्या छत्राखाली' अशा अर्थाचे शब्द पहिल्या दोन प्रतींत नाहीत, पण बातमीदारांच्या वृत्तांतांत आहेत. ते बहुधा उभ्या उभ्याच आले असावेत.

लिंकनच्या आधी त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. लिंकनची जेमतेम 270 शब्दांची दोन-तीन मिनिटं. एवढं थोडक्यात बोलायचं तर खाडाखोड जास्तच करावी लागते.