म्हातारपणाची तजवीज आणि मिळकतीची निरवानिरव

निरवानिरव म्हणजे माणसानं धडधाकट असतानाच आपल्या मागं घर, शेत, पैसा कुणाकडं जाणार आणि त्याआधी हातपाय थकल्यावर आपलं करणार कोण, हे ठरवून कागदावर आणणं. कोल्हापुरात पहिल्या गोष्टीवरनं घरोघरी भांडणं होतात, दुसरीचा विषयच कुणी काढत नाही.

इथली मिळकत म्हणजे पेठेतलं जुनं घर, उसाचं रान, साखर कारखान्याचा शेअर, दूध संस्थेचं पासबुक, पतसंस्थेतल्या ठेवी, आणि सगळे कागद बहुतेकदा एकाच पत्र्याच्या ट्रंकेत. आमच्या आत्याची ट्रंक उघडली तर ठेवीच्या तीन पावत्यांवर नॉमिनी म्हणून मामांचंच, म्हणजे तिच्या नवऱ्याचंच नाव, आणि मामा तर कधीच गेलेले. तसंही नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे फक्त ताब्यात घेतो, वाटप मृत्युपत्राप्रमाणं नाहीतर वारसा कायद्यानं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावीच, आणि जिवंतपणी कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही, केलं की मिळकत हातातनं गेली. महाराष्ट्रात मुलांना-नातवंडांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये (सेस वगैरे वेगळा), त्यामुळं लोक घाई करतात. माझं मत स्पष्ट आहे, जिवंतपणी सगळं नावावर करून देऊ नये. द्यायचंच झालं तर 'सांभाळ करायचा' ही अट त्यात लिहून घ्यावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ती अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करून बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं.

मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, लई भिस्त ठेवू नये, माणसाचं भान गेलं की ते संपतं. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय म्हणून मुंबईच्या खेपा तरी वाचल्या.

खर्चाचं म्हणाल तर ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दिवसरात्रीची बाई, डायपर, एअर बेड, हे सगळं खिशातनं, आणि महिनेच्या महिने. म्हणून त्या नावाची एक ठेव वेगळीच ठेवावी, ती वाटणीत धरू नये.

आत्या दोन वर्षं अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायला लागायचं, ते केलं तिच्या लेकीनं, जिच्याकडनं आधीच हक्कसोडपत्रावर सही घेतलेली. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि स्वकष्टाचं असेल ते तर मृत्युपत्रानं कुणालाही देता येतं, करणाऱ्या लेकीला सुद्धा. आत्याला ते द्यायचं होतं, तोंडानं म्हणायची पण, कागद मात्र झालाच नाही.