पार्श्वभूमी: कारवाई बाईवर की पुढारीपणावर?

संप मिटल्यावर पुढे झालेल्यांचं काय होतं, आणि पुढारी बाई असेल तर कारवाई ती बाई म्हणून होते की पुढारी म्हणून, हा विषय रत्नागिरी-सिंधुदुर्गात निघाला की दोन दाखले हमखास येतात, एसटी आणि अंगणवाडी. एकीकडे बहुतेक पुरुष, दुसरीकडे सगळ्या बायका.

एसटीचा संप २०२१च्या ऑक्टोबरअखेर पेटला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. निलंबन, बदली, बडतर्फी, सगळं झालं. सूड फक्त बाईवर उगवतात म्हणणाऱ्याला हा दाखला आडवा येतो, आणि यायलाच हवा. मात्र बडतर्फ व्हायलाही आधी पक्की नोकरी असावी लागते. शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंडळी कामावर परतली.

अंगणवाडीत ती पक्की नोकरीच नाही. २ ऑक्टोबर १९७५ला योजना सुरू झाली तेव्हापासून सेविका मानधनी. स्थानिक बाईच हवी ही अट. त्यामुळे ‘पुरुषाला असं वागवलं असतं का?’ हा नेहमीचा प्रश्न इथे विचारताच येत नाही, त्या जागेवर पुरुष कधी नव्हताच. सेविकेचं पद म्हणजे सरकारी नागरी पद नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ उजाडलं.

तरीही मार्च २०१८मध्ये राज्य सरकारने त्यांना ‘मेस्मा’, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणारा कायदा, लावला. मानधन स्वयंसेविकेचं आणि कायदा अत्यावश्यक सेवेचा! विधिमंडळात गदारोळ झाला, तेव्हा स्थगिती मिळाली. ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४च्या संपात कामावरून कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या. पोरांची वजनं, रजिस्टरं, मोबाइलवरची माहिती, हे सगळं वाडीतच करणाऱ्या सेविकेला चालकासारखं दूरच्या आगारात धाडता येत नाही. मग उरतं काढून टाकणंच. वर तिचं काम बघणारी मुख्यसेविकाही बाईच, म्हणून ‘पुरुषी अधिकारी’ हा सोपा खुलासाही पुरत नाही.

या वादाला जगभर तोंड फुटलं ते गूगलमध्ये. लैंगिक छळाचा आरोप असलेल्या वरिष्ठाला कंपनीने ९ कोटी डॉलर देऊन निरोप दिल्याची बातमी आली आणि १ नोव्हेंबर २०१८ला सुमारे २०,००० कर्मचारी काम सोडून बाहेर पडले. आयोजकांपैकी क्लेअर स्टेपलटन आणि मेरेडिथ व्हिटेकर यांनी पुढच्या एप्रिलमध्ये आपली कामं काढून घेतली जात असल्याचं जाहीर केलं. कंपनीने सूडबुद्धी नाकारली. २०१९च्या मध्यापर्यंत दोघी बाहेर होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने आणखी चार आंदोलक कर्मचाऱ्यांना काढलं, कारण दिलं माहिती-सुरक्षेच्या नियमभंगाचं. त्यांत पुरुषही होते.

म्हणजे पुढाऱ्याला धडा शिकवण्याची खोड बाई-पुरुष बघत नसेलही. भेद त्याआधीच झालेला असतो, कुठलं काम कुणाला आणि कोणत्या अटींवर दिलं त्यात. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने सूडापोटी कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली, पण त्याचा आधार घ्यायचा तर सेविकेला आधी आपण कामगार आहोत हेच सिद्ध करावं लागतं.