‘पेन्सिल्ड’ म्हणजे नेमकी कोणती नक्षी? बँटमच्या पिसांची पार्श्वभूमी

बँटमच्या, म्हणजे ठेंगण्या कोंबड्यांच्या, रंगांवर चार शौकीन बोलायला बसले की गाडी ‘पेन्सिल्ड’, म्हणजे पिसावर बारीक काळ्या रेघा असलेली नक्षी, या शब्दापाशी अडते. एकाच्या डोळ्यासमोर हॅम्बर्ग जातीचा पक्षी असतो, दुसऱ्याच्या डोळ्यासमोर वायनडॉट जातीचा. दोघेही बरोबर असतात, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

बँटम हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नक्षीसाठी ठरवून पैदास करण्याचं ठळक उदाहरण मात्र इंग्लंडमधलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका सरदाराने अनेक वर्षं संकर करून सेब्राइट ही बँटमची जात घडवली. प्रत्येक पिसाला काळी बारीक किनार, आणि तीही नर-मादी दोघांना सारखीच. असं होतं, कारण सेब्राइटच्या नराला कोंबड्याची टोकदार, लांब पिसं येतच नाहीत. त्याचा पिसारा कोंबडीचा असतो. 1910 च्या दशकात अमेरिकेत अशा नरांचं खच्चीकरण केल्यावर त्यांना कोंबड्यासारखी पिसं फुटली. त्वचेतच नर-संप्रेरकाचं रूपांतर मादी-संप्रेरकात होतं आणि त्यामागे एका जुन्या विषाणूचा जनुकाशेजारी घुसलेला तुकडा आहे, हे कळायला आणखी कित्येक दशकं गेली.

1835 मध्ये इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली, 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं आणि 1865 मध्ये तिथे लिखित मानकं, म्हणजे प्रत्येक जात कशी दिसावी याचे नियम, छापली गेली. परीक्षकांना नक्षीसाठी नावं हवी होती. बारीक काळी रेघ दिसली की ‘पेन्सिल्ड’, एवढ्यावर भागवलं गेलं. माझ्या मते बँटमच्या पैदाशीचं सर्वांत जास्त नुकसान याच नामकरणाने केलं.

दोन पिसं शेजारी ठेवून पाहा. हॅम्बर्ग तलंगेच्या पिसावर रेघा आडव्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, या काठापासून त्या काठापर्यंत. पेन्सिल्ड वायनडॉटच्या पिसावरच्या रेघा काठाला धरून वळतात, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. पीस मुळापासून वाढतं आणि टोक आधी तयार होतं. म्हणजे आडवा पट्टा ही वेळेची खूण आहे: काळा रंग भरणं थोडा काळ चालू, थोडा काळ बंद. काठाला धरून वळणाऱ्या रेघेला एवढं पुरत नाही. तिथे त्याच क्षणी पिसाच्या मधल्या भागात एक आणि काठाकडे दुसरं घडावं लागतं. या दोन कामांना एक नाव देणं चूकच होतं.

हा गुंता सुटला तो 1980 च्या दशकात, ब्रिटनमध्ये, आणि बराचसा बँटमवरच. लहान पक्ष्यांना जागा आणि दाणा कमी लागतो, त्यामुळे चाचणीसाठी जोड्या लावून पिल्लं मोजणं परवडतं. त्यातून निघालेला हिशोब आजही कामाला येतो. पॅटर्न जीन, म्हणजे पीजी, हा नक्षीचा जीन पाया. योग्य मूळ रंगावर तो एकटा असला की वायनडॉटची वळणारी पेन्सिलिंग मिळते. त्याला डार्क ब्राऊन, म्हणजे डीबी, हा दुसरा जीन जोडला की हॅम्बर्गच्या आडव्या रेघा. या दोघांत मेलॅनोटिक हा काळा रंग वाढवणारा जीन आला की रेघा गोळा होऊन टोकाशी ठिपका बनतो, म्हणजे स्पँगल. पीजी आणि मेलॅनोटिक असे दोघेच असले तर बार्नेवेल्डर जातीची दुहेरी लेस, म्हणजे पिसावर काळ्या किनारीचे दोन वेढे; त्यांना कोलंबियन या आणखी एका जीनची जोड मिळाली की सेब्राइटची एकेरी. पीजी, डीबी आणि मेलॅनोटिक एकाच गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे ते पुष्कळदा एकत्रच पुढच्या पिढीत उतरतात. एका नक्षीमागे एकच जीन असेल असं जुन्या पैदासकारांना वाटत राहिलं, त्याचं एक कारण हेही.

मानकांनी आणखी एक ओझं लादलं. गोल्ड पेन्सिल्ड ऊर्फ पार्ट्रिज वायनडॉटमध्ये नराची छाती निखळ काळी हवी आणि मादीच्या पिसावर स्वच्छ रेघा हव्यात. पण सुरेख रेघांच्या तलंगांचे सख्खे भाऊ छातीवर तपकिरी शिंतोडे घेऊन येतात, आणि काळ्या छातीच्या नराच्या मुलींच्या रेघा फिसकटतात. म्हणून नरांसाठी पैदाशीची एक ओळ आणि माद्यांसाठी वेगळी ओळ पाळायची प्रथा पडली. मोजकी खुराडी असलेल्या माणसाने दोन ओळी कुठून सांभाळायच्या? प्रदर्शनात जिंकलेली जोडी विकत आणून तिचीच पिल्लं काढणाऱ्या नवख्याची यात हमखास निराशा होते. एकाच ओळीतून येणारी जोडी ग्राह्य धरायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

पुढचं काम प्रयोगशाळांनी केलं. चंदेरी-सोनेरी भेदाचा जीन 2007 मध्ये ओळखला गेला, लॅव्हेंडर या फिकट राखाडी रंगाचा 2008 मध्ये. त्याच 2008 मध्ये पिवळ्या कातडीचा उगम राखी रानकोंबड्यात सापडला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आरवणाऱ्या जातीत. वायनडॉट बँटमचे पिवळे पाय त्या वारशाचे. हॅम्बर्गचे पाय मात्र शिशासारखे निळसर. डीबीमागे सॉक्स10 जनुकाशेजारचा गळालेला तुकडा आहे, हे 2011 मध्ये दिसलं. मानकांत दोन्ही नक्ष्या अजून ‘पेन्सिल्ड’च आहेत, म्हणून अंडी किंवा पिल्लं मागवताना विक्रेत्याकडून मादीच्या पाठीवरच्या एका पिसाचा जवळून काढलेला फोटो मागवावा.