ईमान : विदर्भाच्या खेड्यांतील अर्थ आणि आचरण

ईमान : इस्लाममधील श्रद्धेसाठीची मूळ अरबी संज्ञा. ‘अ-म-न’ या धातूपासून ती आली असून निर्धास्त असणे, भरवसा टाकणे, खरे मानणे हे तिचे अर्थ. अमन (शांतता), अमानत (विश्वासाने सोपवलेली ठेव), अमीन (ठेव सांभाळणारा) आणि मोमीन (ईमान राखणारा) हे शब्द त्याच कुळातले. मराठीत हे कुळ केव्हाच मुरले आहे. निवडणुकीत जप्त होणारी ‘अनामत’ म्हणजे अक्षरे उलटीपालटी झालेली अमानतच. इमानेइतबारे, इमानी कुत्रा, बेइमान ही तर रोजची बोली. मात्र अरबीतून मराठीत येताना शब्दाने तोंड फिरवले. अरबी ईमान मुळात माणूस आणि अल्लाह यांच्यातले. मराठी इमान माणसामाणसांतले, म्हणजे धन्याशी, मिठाशी, मापाशी राखायचे. विदर्भाच्या खेड्यात दोन्ही अर्थ एकाच तोंडी नांदतात. घरात दखनी वळणाची उर्दू आणि बाजारात वऱ्हाडी बोलणारा मुसलमान शेतकरी नमाजेनंतर ‘अल्लाह ईमान सलामत रखे’ म्हणतो तेव्हा पहिला अर्थ असतो. तासाभराने अडत्याला ‘काटा इमानाचा ठेव, बाप्पा’ म्हणतो तेव्हा दुसरा. या दोन अर्थांत अंतर किती, हाच इस्लामी धर्मशास्त्रातला एक फार जुना वाद आहे.

ईमान कशावर ठेवायचे, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर ‘हदीस-ए-जिब्रील’मध्ये सापडते (हदीस म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींची नोंद). पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, प्रवासाची धूळही अंगावर नसलेला एक अनोळखी माणूस प्रेषित मुहंमद (स.) यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि एकेक प्रश्न विचारू लागला, असे प्रेषितांचे सहकारी हजरत उमर सांगतात. इस्लाम म्हणजे काय, या प्रश्नाला कलमा (श्रद्धेची कबुली), नमाज, जकात (मालमत्तेतला सक्तीचा दानाचा हिस्सा), रोजे आणि हज असे उत्तर मिळाले. ईमान म्हणजे काय, याचे उत्तर वेगळे होते : अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अखेरचा दिवस आणि बरेवाईट ठरवणारी तकदीर यांना मानणे. तिसरा प्रश्न एहसानचा, म्हणजे उत्तम आचरणाचा. अल्लाहला आपण पाहतो आहोत अशी त्याची भक्ती करावी. तेवढे जमत नसेल तर तो आपल्याला पाहतो आहे याचे भान ठेवावे, हे त्याचे उत्तर. तो माणूस निघून गेल्यावर प्रेषितांनी सांगितले की तो जिब्रील हा फरिश्ता होता, तुम्हाला तुमचा धर्म शिकवायला आला होता.

खेड्यातल्या मक्तबमध्ये, म्हणजे मशिदीच्या ओसरीवर भरणाऱ्या शाळेत, मुले हेच सूत्र ‘ईमान-ए-मुफस्सल’ म्हणून पाठ करतात. त्यात मरणोत्तर पुन्हा उठवले जाण्याचा सातवा मुद्दाही जोडलेला असतो. ‘ईमान-ए-मुजमल’ त्याहून आटोपशीर आहे आणि त्याच्या शेवटी येणारे शब्द महत्त्वाचे : जिभेने कबुली, हृदयाने खात्री. सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाण्याआधी अर्थ न कळताच घोकलेली ही अरबी वाक्ये माणसाला मरेपर्यंत पुरतात. अर्थ पुढे कधीतरी कळतो, कुणाला कळतही नाही.

जीभ आणि हृदय आले. मग हात कुठे गेले? आठव्या शतकातील इमाम अबू हनीफा (६९९–७६७) यांचे म्हणणे, ईमान म्हणजे खात्री आणि कबुली. आचरण हे त्याचे फळ आहे, त्याचा अवयव नव्हे. ईमान वाढत नाही, घटत नाही, आणि पाप करणारा मुसलमान पापी ठरला तरी ईमानाबाहेर जात नाही. सुन्नी धर्मशास्त्राच्या इतर तीन शाखांचे इमाम मालिक, शाफई, अहमद बिन हंबल यांना हे पटले नाही : ईमान म्हणजे उच्चार आणि कृती दोन्ही, सत्कर्माने ते चढते, पापाने उतरते. खारिजी हा सुरुवातीच्या काळातला कडवा पंथ टोकाला गेला आणि मोठे पाप करणाऱ्याला त्यांनी थेट काफिर ठरवले. मुअतझिला या तर्कवादी पंथाने त्याला दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभे केले. शिया परंपरेत मूलतत्त्वांची मांडणीच निराळी असून तौहीद (अल्लाहचे एकत्व), अद्ल (त्याचा न्याय), नबुव्वत (प्रेषितत्व), इमामत (इमामांचे नेतृत्व) आणि कयामत (अखेरचा दिवस) ही पाच तत्त्वे तेथे सांगतात. विदर्भातले बहुसंख्य मुसलमान हनफी, म्हणजे अबू हनीफांची शाखा मानणारे आहेत; दर्गे मानणारे बरेलवी असोत की त्यांच्याहून कडक देवबंदी, या प्रश्नावर दोघेही अबू हनीफांच्याच बाजूचे. गंमत अशी की त्यांच्या तोंडची भाषा त्यांच्या बाजूची नाही. काट्यात मारणाऱ्याला गाव पापी म्हणत नाही, ‘बेइमान’ म्हणते, म्हणजे त्याला ईमानच नाही म्हणते. मौलवीसाहेबांना विचाराल तर ते असे कुणाला म्हणू देणार नाहीत. बाजारात मात्र तेही तो शब्द वापरतात.

ईमानाचा विरुद्धार्थी शब्द कुफ्र. त्याचा मूळ अर्थ झाकणे, आणि त्यावरून सत्य झाकणे, उपकार नाकारणे. शेतकरी समाजाने ध्यानात ठेवावा असा त्याचा एक वापर कुरआनच्या सत्तावन्नाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात आहे (५७:२०). पावसाने तरारून आलेले पीक पाहून ‘कुफ्फार’ (काफिरचे अनेकवचन) हरखतात, असे तेथे म्हटले आहे, आणि बऱ्याच भाष्यकारांच्या मते तेथे त्या शब्दाचा अर्थ पेरणारे शेतकरी असा आहे, कारण ते बी मातीत झाकतात. तेच पीक पुढे पिवळे पडते आणि त्याचा भुसा होतो, असा तो दृष्टांत आहे. जून कोरडा गेलेल्या साली तो वऱ्हाडात वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आचरणाच्या बाजूने पाहिले तर कुरआनमध्ये ‘ज्यांनी ईमान राखले आणि सत्कर्मे केली’ ही जोडी पुन्हा पुन्हा येते. दुसऱ्या सूरेतील एक आयत, म्हणजे ओवी (२:१७७) तर पूर्वेला तोंड करावे की पश्चिमेला यात नेकी नाही असे बजावते आणि नेकीच्या व्याख्येत अल्लाहवरच्या श्रद्धेला लागूनच नातलग, अनाथ, वाटसरू आणि मागणारे यांना द्यायचा पैसा व दिलेला शब्द पाळणे या गोष्टी बसवते. ईमानाच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत, अशी एक हदीस आहे. सर्वांत वरची ‘अल्लाहवाचून कोणी पूजनीय नाही’ ही कबुली, सर्वांत खालची वाटेतला त्रासदायक अडथळा बाजूला करणे. लाज हीदेखील त्यातलीच एक शाखा. बोरी-बाभळीचे काटे पांदणीत पडलेले असतात त्या मुलखात ही खालची शाखा वाटते तितकी खालची नाही.

मापाचा विषय कुरआनने स्वतंत्र सूरेत घेतला आहे. ‘अल-मुतफ्फिफीन’ (सूरा ८३) म्हणजे माप मारणारे. घेताना भरून घेतात आणि देताना कमी देतात त्यांचा सत्यानाश होवो, अशी तिची सुरुवात. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील एक प्रसंग तर वऱ्हाडातल्या कापूसबाजाराला जसाच्या तसा लागू पडावा. प्रेषित बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस पडला होता. ते विचारतात, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवलेस? फसवणारा माझ्यातला नाही. कापसाचा व्यापारी आजही हेच करतो. गाडीतल्या कापसात तो कोपरापर्यंत हात घालतो, खालचा मूठभर बाहेर काढून दाबून पाहतो, सरकी दाताखाली धरतो. कोरडी सरकी कट्‌कन फुटते, ओली नुसती चेपते. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर माल परत, असा साधारण नियम असतो. त्यामुळे वजन वाढवायला कापसावर रात्री पाणी शिंपडणारे आणि कोरड्या मालालाही ‘ओला आहे’ म्हणत कट्टी (वजनातली कपात) लावणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक बाजारात भेटतात. सूरेचा रोख दोघांवरही आहे, पण गावात ती ऐकवली जाते बहुधा पहिल्यालाच.

वेचणीच्या दिवसांत दुसरा एक काटा संध्याकाळी वावरात टांगला जातो. कमरेच्या ओटीतला कापूस दिवसभर गठ्ठ्यात रिता करून बाया बांधावर येतात, बाभळीच्या फांदीला ताणकाटा अडकवतात आणि मजुरी किलोवर ठरते. सकाळचा कापूस दवाने जड असतो म्हणून मालक किलो-अर्धा किलो कापतो. किती कापायचे यावर रोज थोडी बोलाचाली होतेच. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस इथे ठाऊक नसलेला मुसलमान शेतकरी विरळा. चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आल्यावर देतो म्हणणारेही अनेक.

धुऱ्याचेही तसेच. वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि नांगरताना तो वीतभर कोरणे हा भावकीतल्या भांडणांचा कायमचा उगम आहे. ज्याने अन्यायाने वीतभर जमीन बळकावली त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड अडकवले जाईल, अशी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीस आहे. जुम्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात) ती निघाली की मागच्या ओळीत कोण कुणाकडे पाहते, हे गावातल्या माणसाला बरोबर कळते.

पिकावरील जकातीला उश्र म्हणतात. ‘कापणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या’ (६:१४१) हा त्याचा आधार. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, मोट-विहिरीने भिजवलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे ज्याला पाण्यासाठी जास्त खपावे लागते त्याला सूट. हनफी मतात बी-खताचा खर्च आधी वजा करता येत नाही. कोरडवाहू सोयाबीनवाल्याला हे जड जाते. भारतातली जमीन उश्री (उश्र लागू होणारी) मानायची की नाही यावरही उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत एकमत नाही, आणि अनेकांना तो मतभेद सोयीचा पडतो. तरी खळ्यावर पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ किंवा ‘बरकत’ म्हणायची जुनी रीत सर्व जातिधर्मांत आहे, आणि ‘नियत तशी बरकत’ ही म्हण तर शुद्ध मराठीच मानली जाते, दोन्ही शब्द अरबी असूनही. पैशावरची जकात मात्र सर्वांना पाठ असते : साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता वर्षभर राहिली तर अडीच टक्के.

नमाज-रोज्यांविषयी येथे फार लिहिण्याची गरज नाही. विदर्भात किबला (नमाजेची मक्केची दिशा) मावळतीला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. सगळी जमीन मशीद आहे, या हदीसनुसार डवरणीच्या वेळी खांद्यावरचा रुमाल अंथरून धुऱ्यावरही नमाज होते. पाणी नसेल तर मातीवर हात मारून तयम्मुम, म्हणजे पाण्याविना शुद्धी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे २०१८–१९ च्या सुमारास तो मे महिन्याच्या उन्हात आला होता. पारा ४५ अंशांपुढे, आणि वखरणी तर थांबत नाही. जिवावर बेतल्यास रोजा सोडून नंतर भरून काढण्याची मुभा शरीयतने दिली आहे. ती घेणाऱ्याकडे गाव जरा तिरपेच पाहते. तो गावाचा कडकपणा, शास्त्राचा नव्हे.

सर्वांत कस लागतो तकदीरवरच्या ईमानाचा. ‘अल्लाह की मर्जी’ हे शब्द नापिकीच्या साली धीर देतात आणि आळसाला आडोसाही देतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी ‘आधी बांध, मग भरवसा ठेव’ असे सांगितले (तिर्मिझीचा हदीससंग्रह). वऱ्हाडी भाषेत हे बैलाच्या दाव्यालाही लागू आणि पीकविम्याच्या हप्त्यालाही, जरी विमा जायज आहे का यावर वेगळा खल होतो. व्याजाची मनाई त्याहून स्पष्ट आहे (२:२७५–२७९), आणि शेती तर पीककर्जावर चालते. अडचण म्हणून घेणारा आणि त्याची टोचणी बाळगणारा असा माणूस इथे घरोघर आहे. अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका (१२:८७) ही आयत या कर्जबाजारी पट्ट्यात वारंवार सांगितली जाते. आत्महत्या हराम आहे. तरीही आत्महत्या केलेल्याच्या जनाज्याची (अंत्ययात्रेची) नमाज बहुतेक उलेमांच्या मते पढली जाते, कारण तो मोमीनच राहतो. अबू हनीफांचा तो कोरडा वाटणारा सिद्धांत इथे एखाद्या घराला केवढा आधार होतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

लोकांच्या श्रद्धेचा मोठा भाग दर्ग्यांभोवतीही आहे. अचलपूर ही वऱ्हाडच्या इमादशाहीची (१४९०–१५७४) राजधानी, बाळापूर हे नक्शबंदी सूफींच्या खानकाहचे (मठाचे) ठिकाण. तेव्हापासूनची ही परंपरा. वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर विखुरलेले गोल खडे म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याची दगड झालेली नारळे, अशी आख्यायिका सांगतात. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइट या खनिजाचे गोळे. सावनेरजवळच्या वाकीला सूफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) राहिले. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीची यात्रा होळीला भरते आणि तिथे नारळांची होळी पेटते. यातले किती ईमान आणि किती शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणे), यावर बरेलवी आणि दर्ग्यांना विरोध करणारे अहले हदीस यांचे जमणार नाही. नवस फेडायला आलेल्या कुणबी-माळी कुटुंबाला या वादाचा पत्ताही नसतो.

जनाज्याच्या नमाजेआधी, सफा (रांगा) उभ्या राहिल्या की मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन विचारतो : मरहूमकडे कुणाचे देणे राहिले असेल तर आमच्याकडे मागा, नाहीतर अल्लाहसाठी माफ करा. कर्ज फेडण्याची कुणी हमी घेईपर्यंत प्रेषितांनी एका माणसाच्या जनाज्याची नमाज पढवली नव्हती, त्या आठवणीवरची ही रीत. मागे निंबाच्या सावलीत गावातली हिंदू मंडळी उभी असतात. त्यांत किराणावाला असतो, कृषी केंद्रवाला असतो, धुऱ्याचा शेजारी असतो. कुणी मान हलवतो, कुणी गप्प राहतो, एखादा नंतर घरी येतो. मग चार तकबिरी (‘अल्लाहु अकबर’चे उच्चार), रुकू (कमरेत वाकणे) नाही, सजदा (कपाळ टेकणे) नाही. कबरीत प्रत्येकाने तीन मुठी माती टाकायची आणि प्रत्येक मुठीला विसाव्या सूरेतील एका आयतीचा (२०:५५) एकेक तुकडा म्हणायचा : यातूनच आम्ही तुम्हाला घडवले, यातच परत नेऊ, यातूनच पुन्हा बाहेर काढू. उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी वाळलेली असते; आधी ढेकूळ हाताने चुरावे लागते, तेव्हा कुठे मूठ भरते.