अमेरिकेच्या फेडरल कोर्टात दिवाणी दाव्यासाठी ज्युरी कशी मागावी?

अमेरिकेत थकलेला पगार, नोकरीतला भेदभाव किंवा करारभंग यासाठी कोर्टात जाणाऱ्या आपल्या अनेकांना वाटतं की ज्युरी (निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) आपोआप बसते. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दिवाणी दाव्यात ती लेखी आणि मुदतीत मागावी लागते. मुदत गेली की तुम्ही हक्क सोडला असं धरलं जातं.

हा हक्क १७९१च्या सातव्या घटनादुरुस्तीने दिला. ज्युरीत बसायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ज्युरी मागायला नाही. वर्क व्हिसावरचा माणूसही मागू शकतो. मात्र मागणी पैशांच्या भरपाईची हवी. नुसता मनाई हुकूम हवा असेल तर निकाल न्यायाधीशच देतात. सरकारी कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल फेडरल सरकारवर दावा लावला तरी ज्युरी नाही. आधी नोकरीचा करार नीट वाचा: ज्युरीचा हक्क सोडल्याचं किंवा वाद लवादाकडे नेण्याचं कलम बहुधा शेवटच्या पानांत असतं.

सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे दाव्याच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाजवळ, ‘ज्युरी ट्रायल डिमांडेड’ असं इंग्रजीत ठळक लिहिणं. दाव्यासोबत भरायच्या माहितीच्या फॉर्मवर (कव्हर शीट) ज्युरीचा चौकोन असतो, पण केवळ त्यावरच्या खुणेवर विसंबू नका. तेवढ्याने मागणी झाली असं कोर्ट सहसा मानत नाही.

दाव्यात लिहायचं राहिलं, तर स्वतंत्र मागणीपत्र द्या. त्यात कोर्टाचं व पक्षकारांचं नाव, केस नंबर, कोणते मुद्दे ज्युरीपुढे हवेत ते आणि सही हवी. मुद्दे लिहिले नाहीत तर ज्युरीपुढे जाऊ शकणारे सगळेच मुद्दे धरले जातात. प्रत समोरच्या पक्षाला द्या आणि मूळ कोर्टात दाखल करा. या मागणीसाठी फेडरल कोर्टात वेगळी फी नाही.

मुदत १४ दिवसांची. त्या मुद्द्यावरची शेवटची कैफियत (दावा किंवा त्यावरचं उत्तर असा कागद) बजावली गेल्यापासून ती मोजतात, आणि शनिवार-रविवारही धरतात. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरच पुढचा कामाचा दिवस मिळतो. प्रतिवादीनेही ज्युरी मागितली नसेल आणि मुदत टळली असेल, तर न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, पण मान्य करणं त्यांच्या मर्जीवर.

राज्यांच्या कोर्टांना सातवी दुरुस्ती बांधील नाही, तिथले नियम निराळे. कॅलिफोर्नियात ज्युरीसाठी १५० डॉलर आधी भरावे लागतात, आणि ते परत मिळत नाहीत.